भिंगवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या नाणे-प्रदर्शनात पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया हातात धरून हरखून गेलेला चष्मेवाला, तो मीच. तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

तो रुपया निळा-जांभळा होता, अगदी मोरपिसासारखा. मुंबई टांकसाळीचा 1918 चा रुपया ढिगानं मिळतो, तरी रंगापायी मी दसपट किंमत मोजायला निघालो होतो. विक्रेता म्हणत होता, "शंभर वर्षांचं नॅचरल टोनिंग," म्हणजे काळाच्या ओघात आपोआप चढलेला रंग. तुम्ही त्याच्याशी हुज्जत घातली नाहीत. खिशातलं भिंग माझ्यापुढे धरलंत आणि म्हणालात, "राजाचा गाल बघा." गालावर एक ताजा, धारदार ओरखडा होता आणि त्याच्या तळापर्यंत तोच जांभळा रंग उतरलेला, म्हणजे रंग ओरखड्यानंतरचा. "एवढ्यावर निकाल देऊ नका," असंही वर म्हणालात. मग कडेशी नेलंत. तिथे पांढरी चांदी आणि तिला खेटून एकदम गडद निळा, मध्ये सोनेरी नाही की तांबूस नाही. नाणं दिव्याखाली फिरवलं तर चकाकीचा पट्टा रंगाखालून सरकेना.

बाहेर चहा पिताना तुम्ही कारण सांगितलंत. हवेतल्या गंधकानं चांदीवर सल्फाइडचा पापुद्रा चढतो. रस्त्यावरच्या पाण्यात सांडलेल्या तेलासारखंच हे, जाडी बदलली की रंग बदलतो. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. पापुद्रा सावकाश वाढतो, त्यामुळे एका रंगातून दुसरा उमलत जातो. गंधकाचं औषध लावून किंवा भट्टीत तापवून घाई केली की पायऱ्या गाळल्या जातात, त्या रुपयावर सोनेरी-तांबूस गाळले होते तशा. काही नाण्यांवर मात्र जाणकारांचंही एकमत होत नाही, हे तुम्ही मान्य केलंत. माझा विश्वास बसला तो तिथे.

अमेरिकन डॉलरची गोष्ट तर मी घरी सगळ्यांना ऐकवली. ज्या मॉर्गन डॉलरांच्या इंद्रधनुषी रंगांवर तिकडचे संग्राहक जीव टाकतात, तसले 25 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर 1918 च्या पिटमन कायद्यानंतर वितळवून, हिंदुस्थानात रुपये पाडायला म्हणून ब्रिटिशांना विकले गेले. उरलेले टांकसाळीच्या जाड कापडी थैल्यांत पडून राहिले आणि रंगले.

थैल्या म्हटल्यावर आजीची पुरचुंडी आठवली. तिच्यात 1901 चा एक राणीछाप रुपया आहे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाआधी आई त्याला चिंच लावायला निघते आणि आजी "राहू दे गं" म्हणते. मला तो नुसता काळवंडलेला वाटायचा. त्या रात्री खिडकीशी नेऊन तिरका धरला. शेजारच्या नाण्यानं झाकलेला भाग चंद्रकोरीसारखा पांढरा, तिच्या कडेला फिकट सोनेरी, पुढे तांबूस, आणि पार काठाशी निळा. राणीच्या मुकुटावरून चकाकीचा पट्टा सरळ फिरत गेला.

चिंच आता आमटीपुरतीच.

आणि हो, त्या गडबडीत तुमचं भिंग माझ्याच खिशात आलं. राणीचा मुकुट मी त्यातूनच पाहिला. पुढच्या प्रदर्शनाला पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीपाशी उभा राहीन. भिंग घेऊन जा. राणीछाप बरोबर आणतो. चंद्रकोरीखाली एक हिरवट ठिपका आहे, तो मला अजून कळलेला नाही.

तुमचा,
चष्मेवाला