शाहिरांना ‘हळू गा’ न म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

बाबांच्या पोवाड्याचं रेकॉर्डिंग पुरं झालं. नमनापासून शेवटच्या चौकापर्यंत, म्हणजे कडव्यांच्या शेवटच्या गटापर्यंत, आवाज कुठेही फाटलेला नाही. तुम्हाला फाइल पाठवली तर तुमचं उत्तर आलं, “छान झालंय. शाहिरांना नमस्कार सांग.” तुमच्या बाजूने विषय तिथे संपला असेल, माझ्या बाजूने संपत नाही. म्हणून हे आभार सगळ्यांना वाचता येतील असे लिहिते आहे. घरच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करणारी पोरं आता गल्लोगल्ली आहेत. तुम्ही आम्हाला दिलंत ते त्यांच्याही हाती लागावं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बाबा वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मसजिद बंदरावरून बाजार वाशीला कसा आला, माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांनी माणसं कशी एकत्र केली, १९६९ चा माथाडी कायदा कसा झाला, हे सगळं बाबांनी स्वतः पोवाड्यात बांधलं आहे. आवाज खडा, मैदानात माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. आणि नेमका हाच आवाज रेकॉर्डिंगला बसला की फाटायचा. जिथे जिथे गेलो तिथे एकच सूचना मिळाली: “शाहीर, जरा हळू घ्या.” बाबा हळू घ्यायचे. शब्द तेच, चाल तीच. पण चौकाच्या शेवटी जो आवाज उसळून वर जायला हवा, तो जायचाच नाही. हळू गायलेला पोवाडा हा पोवाडा नव्हेच, असं माझं ठाम मत आहे. बाबांनी तर ‘आपलं गाणं मैदानातलं, ते मशीनमध्ये मावायचं नाही’ असं म्हणून विषय सोडूनच दिला होता.

भावे नाट्यगृहातल्या कार्यक्रमानंतर तुम्ही तिथल्या साउंडच्या वायरी गुंडाळत होता, तेव्हा मी तुम्हाला गाठलं. माझं सगळं ऐकून घेऊन तुम्ही म्हणालात, “त्यांना काही सांगायचं नाही. जे सांगायचं ते माइकला सांगू.” काका, या एका वाक्यासाठीसुद्धा मी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन.

घरी आल्यावर तुम्ही आधी जुनं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर मोठं करून बघितलंत. जिथे आवाज फाटत होता तिथे लाटांचे माथे सपाट कापलेले होते. डिजिटलमध्ये शून्य डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) हे छत आहे, त्याच्या वर काही लिहिलंच जात नाही. जे वर गेलं ते कापलं गेलं आणि पुन्हा मिळत नाही, हे तुम्ही तिथे बोट ठेवून दाखवलंत. आणि सॉफ्टवेअरमधला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढून हे का सुटत नाही तेही सांगितलंत. फेडर येतो सगळ्यात शेवटी. आवाजाचे आकडे होतात इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीत, आणि तेही गेनच्या बटणानंतर लगेच; माइकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा ते हे बटण ठरवतं. तिथे कापला गेलेला आवाज फेडरने फक्त बारीक होतो, फाटलेला तो फाटलेलाच राहतो.

मग तुम्ही गेन लावलात, आणि ती रीत मला सगळ्यात मोलाची वाटते. बहुतेक ठिकाणी गायकाला “हॅलो, चेक” म्हणायला लावतात, फार तर पहिली ओळ म्हणून घेतात. तुम्ही बाबांना विचारलंत, “शाहीर, अख्ख्या पोवाड्यात सगळ्यात वर कुठे जाता?” बाबांनी कायदा मंजूर होतो तो चौक सांगितला. तुम्ही तोच चौक पूर्ण जोशात म्हणायला लावलात, मागे सूर धरणाऱ्या दोघा झीलकऱ्यांची “जी जी रं जी”सुद्धा, कारण झील मिळाली की शाहीर आणखी चढतो. त्या शिखराला आवाजाचं मीटर वजा १२ डीबीच्या आसपास राहील इतकं खाली आणायचं ठरवलंत, आणि वर म्हणालात की खरं गाताना हे यापेक्षाही वर जातील, त्यांच्यासाठी ही जागा मोकळी ठेवायची.

मीटर इतकं खाली बघून मला धाकधूक होती. कथनाचा भाग तर बाबा अगदी खालच्या आवाजात बोलतात, तो हरवणार असं वाटत होतं. तुम्ही हिशेब मांडून दाखवलात: आवाजाचा प्रत्येक आकडा २४ बिटमध्ये साठतो, एका बिटला साधारण ६ डीबी, म्हणजे १२ डीबी जागा सोडली तर २४ पैकी दोन बिट गेले, २२ उरले. सीडी तर १६ बिटची असते. खालचा आवाज नंतर वर आणता येतो, कापलेला आवाज परत आणता येत नाही. फक्त खोली शांत हवी. म्हणून पंखा बंद, फ्रिज बंद, आणि वेळ दुपारची, गल्ली जरा निवांत असते तेव्हाची.

नुसत्या गेनने ते जमेना. गेन जवळजवळ तळाला नेला तरी त्या चौकात आवाज कापला जात असल्याचा लाल दिवा लुकलुकत होता, तेव्हा तुम्ही माइकवरचं पॅडचं बटण दाबलंत, १० डीबी तिथेच कमी. आणि बाबांना मागे सरकवलंत. आधी ते माइकच्या अगदी जवळ उभे राहून गायचे. अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डीबीने उतरतो; वीतभर अंतर होतं ते दोन वीत केलंत. त्याचा दुसरा फायदा मला नंतर ऐकताना कळला. एकाच बाजूने ऐकणाऱ्या अशा माइकला तोंड चिकटवलं की खर्ज फुगतो, आवाज गढूळ होतो. मागे सरकल्यावर बाबांचा आवाज जसा आहे तसा, धारदार ऐकू आला.

पण लांब सरकलं की खोली ऐकू यायला लागते. आमच्या खोलीच्या भिंती उघड्या, टाळी वाजवली तर घुमते. आईने कपाटातल्या गोधड्या काढल्या. मला वाटलं त्या माइकच्या मागे लावायच्या. तुम्ही त्या बाबांच्या पाठीमागे टांगायला लावल्यात, दोरीवर, दोन थरांत, भिंतीपासून थोड्या पुढे. हा माइक पुढून ऐकतो, मागून फारसं ऐकत नाही. त्याच्यासमोर बाबा आणि बाबांच्या मागची भिंत, तेव्हा घुमणारा आवाज तिथूनच येणार. पाठीमागे गोधड्या लागल्या आणि पुन्हा टाळी वाजवली, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बघायला आली की आवाज गेला कुठे.

‘प’, ‘ब’ आणि ‘भ’चा फटका तर आमच्या पोवाड्यात पावलोपावली, ‘पाठीवर पोती’, ‘भाकर’, ‘बंदर’. हवेचा तो झोत माइकच्या पडद्यावर आदळला की धप्प असा आवाज येतो. पॉप फिल्टर, म्हणजे झोत अडवणारी जाळी, माइकपासून चार बोटं पुढे लावलात आणि माइक तोंडासमोरून हलवून कपाळाच्या उंचीवर, किंचित खाली झुकवून ठेवलात. झोत खालून निघून जातो, आवाज पोचतो. उरलीसुरली धपधप ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज कापून गेली.

हेडफोनची गोष्ट तर मी कुठेच वाचली नव्हती. शाहीर कानावर हात ठेवून गातो, त्याला स्वतःचा आवाज मोकळा ऐकू यावा लागतो. दोन्ही कान झाकले की बाबा अस्वस्थ व्हायचे आणि जास्तच ओरडायचे. तुम्ही एक कान मोकळा ठेवलात, दुसऱ्या कानात डफाचा ट्रॅक, त्याच्यात बाबांचा आवाज जरा वाढवून. हेडफोनची मोकळी वाटी नुसती बाजूला सरकवलीत तीही कानामागे डोक्याला टेकवून, म्हणजे तिच्यातला डफ माइकमध्ये शिरणार नाही. बाबांनी डावा हात सवयीने मोकळ्या कानावर नेला आणि सूर लावला. स्वतःला नीट ऐकणारा गायक उगाच जोर लावत नाही, हे तुम्ही फार हळू आवाजात मला सांगितलंत, बाबांना कळू न देता. त्यांचा मान तुम्ही असा जपलात.

कथनात अधूनमधून टिकटिक यायची, तिलाही मी फाटणंच समजत होते. तुम्ही म्हणालात, वरच्या आवाजात होतं ते गेनचं, शांत जागीही होतं ते बहुधा लॅपटॉपचं. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते, ६४ वरून २५६ केला, टिकटिक गेली. बफर वाढवला की कानात आवाज मागून येतो, म्हणून बाबांना लॅपटॉपमधून न ऐकवता इंटरफेसमधूनच थेट ऐकवलंत. झीलकरी बाबांच्याच माथाडी टोळीतले; त्यांची झील नंतर वेगळ्या ट्रॅकवर घेतली, दोघांना आणखी लांब उभं करून.

शेवटी फाइल बाहेर काढताना शिखर शून्यापर्यंत न नेता वजा १ डीबीवर थांबवायला लावलंत. एमपीथ्री करताना शिखरं थोडी वर सरकतात, आणि माथाडी वस्तीत पोवाडा फोनवरच ऐकला जाणार. झालंही तसंच. टोळीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आता बाबा आहेत, पूर्ण आवाजातले.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आईने दिलेली भाकरी आणि ठेचा तेवढा नेलात. तुम्हाला एक गोष्ट कुणी सांगितली नसेल म्हणून लिहिते: बाबांनी आजवर कुठल्याच रेकॉर्डिंगवर आपलं नाव सांगितलं नव्हतं. यावेळी शेवटच्या कडव्यात त्यांनी शाहीर म्हणून स्वतःची नाममुद्रा घातली आहे. ते कडवं त्यांनी तुम्ही येऊन गेल्यावर रचलं.

दिवाळीनंतर दुसरा पोवाडा घ्यायचा आहे. यावेळी डफ आणि तुणतुणं बाबांसोबत एकाच खोलीत वाजवायचं त्यांच्या मनात आहे. डफाचा आवाज बाबांच्या माइकमध्ये किती येऊ द्यायचा आणि दोन्ही माइक कुठे ठेवायचे, हे विचारायला पुढच्या रविवारी फोन करीन.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
कोपरखैरण्याच्या शाहिरांची मुलगी