हरभऱ्याची कळी उघडून दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी सिन्नरहून एसटीने राहुरीला तुमच्या कडधान्य सुधार प्रकल्पावर आलो, तेव्हा पिशवीत सुकलेली चार झाडं होती. सोयाबीनवर केलेला हरभरा ऐन फुलोऱ्यात जागोजागी वाळत होता. दोन फवारण्या झालेल्या, दुकानदार तिसरी सांगत होता. तुम्ही खोड मुळापर्यंत उभं चिरलं आणि आतली काळपट रेघ माझ्या डोळ्यांसमोर धरली. "हा मर रोग आहे. त्याची बुरशी जमिनीत हरभऱ्याशिवायही सहा वर्षं तग धरते. वरून फवारून काय होणार?" इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही मुद्दाम मर जोपासलेल्या प्लॉटवर नेलंत. नव्या वाणांच्या ओळींमध्ये जेजी ६२ हा मराला लगेच बळी पडणारा वाण पेरलेला. तो हमखास मरतो आणि तो मेला की जमिनीत रोग भरपूर आहे याची खात्री पटते. तिथे जे हिरवं उभं राहील तेच पुढे जाणार. आम्ही ज्या जमिनीला घाबरतो, ती तुम्ही सांभाळून ठेवता!

आणि ती कळी. हरभऱ्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत फळून जातं, म्हणून दुसऱ्या वाणाशी संकर करायला तुम्ही बंद कळी चिमट्याने उघडून एकेक पुंकेसर काढत होता. मसुरीची कळी याहून बारीक, म्हणालात. एवढं करून बरीच फुलं गळतात, आणि वाण शेतकऱ्याच्या हाती पडायला दहा-बारा वर्षं जातात. मी दिग्विजय वाणाच्या बियाण्याची पिशवी घेतली तेव्हा ही वर्षं माझ्या ध्यानात कुठे होती?

तुमच्या सांगण्याप्रमाणे ते रान हरभऱ्यातून काढलं. दुसऱ्या तुकड्यात बियाण्याला किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळून, वरून नत्र मिळवून देणारे रायझोबियम जिवाणू लावून पेरलं. डिसेंबरात आईने सगळ्या सऱ्या फिरून पाहिल्या. वाळलेलं झाड शोधावं लागत होतं. घरी येऊन ती ओट्यावर बसली, बराच वेळ काही बोलली नाही.

फूल स्वतःच फळतं, म्हणून बी दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. यंदा घरचंच बी पेरलं, भावकीतल्या दोघांनाही दिलं.

सर, मनापासून आभार. जानेवारीत घाटे भरले की हुळा भाजू. वहिनींना घेऊन नक्की या.

आपला,
सिन्नर तालुक्यातला एक शेतकरी