पवनाकाठचे स्पीकर रात्री दहाला बंद करा

महोदय,

दिवाळी सरली की पवना धरणाच्या काठावर तंबू दिसू लागतात. शनिवारी दुपारनंतर कामशेतहून पवनानगरकडे वळणाऱ्या गाड्या पाहाव्यात. मागच्या सीटवर दोन पोरं आणि खिडकीतून तोंड बाहेर काढलेला कुत्रा, हे दृश्य आता हमखास दिसतं. बऱ्याच हॉटेलांत कुत्र्याला घेत नाहीत आणि त्याला घरी एकटं सोडवत नाही, त्यामुळे अशा कुटुंबांसाठी तंबू हा चांगला मार्ग ठरला आहे. आम्हीही त्यांतलेच. मुलं, आमची गावठी कुत्री आणि आम्ही दोघं, असे थंडीच्या दिवसांत सुट्टी मिळाली की निघतो. ही पद्धत रुजावी, वाढावी असं मला मनापासून वाटतं. तिच्या मुळावर काय येतंय, ते सांगण्यासाठी हे पत्र.

शहरातल्या मुलाला काळोख कुठे मिळतो? चिंचवडच्या गच्चीवरून आकाश बघितलं तर चंद्र आणि मोजके तारे. डिसेंबरात पवनेच्या काठी जेवणं आटोपेपर्यंत पूर्वेला मृग वर आलेला असतो. त्याच्या पट्ट्यातले तीन तारे खाली जिकडे बोट दाखवतात तिकडे काही वेळाने व्याध उगवतो. वरच्या बाजूला कृत्तिकांचा पुंजका. मुलांनी हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण ‘बाबा, मला सहा दिसल्या, तुम्हाला किती?’ हा प्रश्न तिथेच येतो. आणखी एक खेळ पालकांनी करून पाहावा. विजेरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरायची आणि जरा दूरच्या गवतावर प्रकाश टाकायचा. गवतात बारीक हिरवट ठिणग्या चमकतात. एका ठिणगीवर नजर ठेवून हळूहळू पुढे गेलं की कळतं, तो कोळ्याचा डोळा आहे. आमची धाकटी पहिल्यांदा हे पाहून जमिनीवर पालथीच झाली. कुत्री तिच्या शेजारी, पट्टा ताणून, नाक गवतात खुपसून, शेपूट ताठ. दोघींना एकच गोष्ट हवी होती आणि दोघी दोन वेगवेगळ्या इंद्रियांनी ती शोधत होत्या. अशी संध्याकाळ कुठल्या मॉलमध्ये विकत मिळत नाही.

आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या तळावरचा स्पीकर सुरू होतो. मग पलीकडच्या तळावरचा, त्याच्यावर वरचढ. पाण्यावरून आवाज लांबवर जातो, त्यामुळे समोरच्या काठावरचं गाणंही शब्दन् शब्द ऐकू येतं. मागे एका तळावर आम्ही ‘फॅमिलीसाठी शांत जागा’ अशी खात्री करून घेऊन पैसे भरले होते. रात्री साडेबारापर्यंत तिथे डीजे चालू होता. धाकटी कानांवर उशी दाबून रडत होती. कुत्री तंबूतून निघून गाडीखाली जाऊन बसली. कितीही बोलावलं तरी बाहेर येईना, हात लावला तर अंगभर थरथर. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 40 हजारांच्या पुढचेही. आपल्याला नुसता गोंगाट वाटतो, त्या जिवावर काय गुदरत असेल! अशा आवाजाने घाबरलेली कुत्री पट्टा तोडून पळतात आणि अनोळखी रानात हरवतात. व्यवस्थापकाला विचारलं तर उत्तर मिळालं, ‘साहेब, खासगी जागा आहे, पार्टीवाल्यांनी पैसे भरलेत.’

पैसे आम्हीही भरले होते. पण मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालापासून लागू आहेत आणि त्यांत रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. खासगी जागेची सबबही त्यात चालत नाही. जागेच्या हद्दीवर मोजलेला आवाज त्या परिसराच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त जाता कामा नये, असं नियमच सांगतो. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. म्हणजे कायदा नव्याने करायचा नाही, आहे तो काठावर पोचवायचा आहे. आज 112 ला फोन केला तर गाडी येते, आवाज बंद होतो, गाडी गेली की पुन्हा सुरू. शिवाय आपण राहतो त्याच तळाची तक्रार मध्यरात्री, लेकरं सोबत असताना करायची, हे किती जणांना जमेल?

यावर ‘सगळे तंबूच उठवा’ असं म्हणणारेही आहेत. मला ते अजिबात पटत नाही. हे धरण झालं तेव्हा ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांतले अनेक शेतकरी पुनर्वसनासाठी आजवर झगडत आहेत. त्यांच्याच नातवंडांनी उरल्यासुरल्या तुकड्यावर चार तंबू टाकून, चुलीवरची भाकरी-पिठलं आणि सकाळचे पोहे देऊन हक्काचा रोजगार उभा केला आहे. त्याच धरणाचं पाणी आम्ही पिंपरी-चिंचवडकर पितो. आमच्यासारख्यांनी तिथे जाऊन काचेच्या बाटल्या फोडायच्या, खरकटं आणि प्लास्टिक पाण्यात सोडायचं आणि मग बंदी मागायची, हा कुठला न्याय? स्थानिक मुलांनी चालवलेले जे छोटे तळ आम्ही पाहिले, तिथे आवाज कमी आणि आपुलकी जास्त असते. त्यांचा धंदाही मोठ्या डीजेवाल्या तळांमुळेच मार खातो, कारण एकदा पोळलेलं कुटुंब पुन्हा पवनेचं नाव काढत नाही.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, साहसी पर्यटनाचं 2021 मध्ये. त्यांत नोंदणीची सोय आहे. माझी मागणी एवढीच आहे की नोंदणी देताना आणि तिचं नूतनीकरण करताना रात्री दहानंतरची शांतता ही अट ठेवावी, आणि ती मोडली तर नोंदणी जावी. ग्रामपंचायतींनी ठराव करून काठावरचे काही तळ केवळ कुटुंबांसाठी राखले तर फारच उत्तम.

कुत्रा घेऊन जाणाऱ्यांनाही दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात, कारण हक्क मागताना आपली बाजू स्वच्छ लागते. ‘आमचा काही करत नाही’ म्हणत कुत्रा मोकळा सोडणारे पाहिले की मला संताप येतो. गावातल्या कोंबड्या, शेळीची करडं, शेजारच्या तंबूतलं कुत्र्याला घाबरणारं मूल, यांचा विचार कोणी करायचा? पट्टा सुटता कामा नये आणि घाण आपणच उचलायची. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्वोच्या लसी झालेल्या असल्याच पाहिजेत. परत आल्यावर कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड तपासायची. आणि अभयारण्यात कुत्रा न्यायचाच नाही. भंडारदऱ्याला जाणाऱ्या अनेकांना हे लक्षातच येत नाही की तिथून पुढे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. 2018 मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत 23 सिंह मेले. त्यांतल्या काहींमध्ये सापडलेला डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणारा आहे. उलट बाजूही आहेच. मावळात काय, जुन्नर-अकोले तालुक्यांत काय, बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. रात्री कुत्र्याला तंबूबाहेर खुंटीला बांधून ठेवणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात ठेवणं. तो आपल्यासोबत आत, चेन लावलेल्या तंबूत झोपला पाहिजे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावते, त्यामुळे मुलांसाठीही ती चेन बंदच हवी.

तळचालकांनी पाहुण्यांना पहिल्याच चहाबरोबर सांगावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे कोळशाची. थंडी वाजते म्हणून शेकोटीतले निखारे किंवा बार्बेक्यूची शेगडी बंद तंबूत नेणारे लोक मी स्वतः अडवले आहेत. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. लहान मूल आणि कुत्रा सर्वांत आधी. पाण्याबद्दलही तेच. धरणाचा काठ वरून उताराचा दिसतो, पण दोन पावलांवर गाळ आणि अचानक खोली असते. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट नसलेल्या तळावर पोरांना पाण्यात उतरू देऊ नये.

आपल्या दैनिकाला एक विनंती. शनिवारच्या पुरवणीत ‘विकेंडला कुठे जाल’ अशी पानं येतात, त्यांत फोटो असतात, दर असतात. त्यासोबत पर्यटन संचालनालयाकडे नोंद असलेल्या तळांची तालुकावार यादी छापावी, आणि प्रत्येक तळापुढे तीन गोष्टी द्याव्यात: रात्री दहाला आवाज बंद होतो का, कुत्र्याला प्रवेश आहे का आणि मुलांची लाइफ जॅकेट आहेत का. 31 डिसेंबरच्या आधी ही यादी आली तर या हंगामातच पुष्कळ कुटुंबांना उपयोग होईल.

आपला,
एक पालक, चिंचवड