सरावातील हेडगार्ड : सक्ती हवी, भ्रम नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील बॉक्सिंगच्या लढती आपल्याकडच्या मुलांनी मोबाइलवर पाहिल्या, तेव्हापासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सराववर्गांत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. पुरुष खेळाडू डोक्याला काहीही न बांधता लढतात, मग स्पारिंगच्या, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीच्या वेळी आम्हालाच हेडगार्डची, डोक्यावरच्या गादीदार संरक्षक टोपाची, सक्ती कशासाठी? मुलांनी असे विचारणे स्वाभाविक आहे. परंतु काही प्रशिक्षकही या प्रश्नापुढे नमते घेऊ लागले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये हेडगार्ड आले ते १९८४ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेपासून. हौशी बॉक्सिंगच्या तत्कालीन आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये ते काढले, पण केवळ प्रौढ पुरुषांच्या गटासाठी, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष १९८० नंतर प्रथमच उघड्या डोक्याने लढताना दिसले. महिला आणि कुमार गटांसाठी ते कायम राहिले. भारतीय बॉक्सर लवलीना बोरगोहाईन यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते हेडगार्ड घालूनच. तायक्वांदोमध्ये तर हेडगार्डविना खेळाडूला मॅटवर उतरूच देत नाहीत, कारण तेथे डोक्यावर बसलेल्या लाथेला जास्त गुण असतात. शिवाय २०१३ चा तो निर्णय स्पर्धेपुरता होता. स्पर्धेत पंच हाताच्या अंतरावर असतो, डॉक्टर रिंगजवळ बसलेला असतो आणि खेळाडूची आधी वैद्यकीय तपासणी झालेली असते. आपल्याकडे शाळेच्या सभागृहात संध्याकाळी चालणाऱ्या सरावाला यांपैकी काय उपलब्ध असते, याचा विचार प्रत्येकाने करावा. ऑलिंपिकमध्ये हेडगार्डविना लढणारे बहुतेक पुरुषही सरावात ते घालतातच.

त्या निर्णयामागे एक वैद्यकीय मुद्दा होता आणि तो पालकांनी नीट समजून घेतला पाहिजे. हेडगार्डमुळे मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते, मेंदू मात्र त्याच वेगाने फिरत नाही, आणि त्या ओढाताणीत त्यातील नाजूक तंतू ताणले जातात. बाहेरून लावलेला फोम हे फिरणे रोखू शकत नाही. भुवई फाटणे, कपाळावर कपाळ आदळून होणारी जखम, कानाला बसणारा मार यांपासून मात्र हेडगार्ड निश्चित वाचवते. पुरुषांच्या स्पर्धांतून ते गेल्यावर चेहऱ्यावरच्या अशा जखमा वाढल्या. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. अनेक ठिकाणी सराव लादीवर अंथरलेल्या पातळ मॅटवर किंवा चिऱ्याच्या अंगणात चालतो, आणि पाय घसरून मूल पाठीवर पडले की डोक्याचा मागचा भाग थेट जमिनीवर आदळतो. मागच्या बाजूला भरीव गादी असलेले हेडगार्ड त्या वेळी निदान कवटी वाचवू शकते. माझ्या मते एवढे एकच कारण सक्तीसाठी पुरेसे आहे.

तथापि, हेडगार्ड आहे म्हणून जोर वाढवण्याची मोकळीक देणे ही अत्यंत घातक सवय आहे. समोरच्याच्या डोक्याला काही होणार नाही अशी समजूत झाली की मुले पूर्ण ताकदीने ठोसे मारू लागतात आणि मेंदूला बसणारे धक्के उलट वाढतात. स्पारिंग म्हणजे तंत्राचा सराव. त्यात किती जोराने मारायचे हे सरांनी आधी ठरवून द्यावे, वजनात आणि अनुभवात जवळच्या मुलांचीच जोडी लावावी, मोठे गादीदार ग्लोव्ह्ज आणि माउथगार्ड यांची सक्ती करावी, आणि कोणी जोर चढवला तर फेरी तेथेच थांबवावी.

हेडगार्डच्या स्थितीकडे तर कोणाचे लक्षच नसते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काहीही धड वाळत नाही. घामाने भिजलेले हेडगार्ड पिशवीत कोंबले की त्याला बुरशी येते, आतला फोम दबून राहतो, व्हेल्क्रो धरत नाही आणि हनुवटीचा पट्टा सैल पडतो. असे सैल हेडगार्ड ठोसा बसताच डोळ्यांवर सरकते, आणि मग पुढचा ठोसा मुलाला दिसतच नाही. क्लबचे एकच हेडगार्ड दहा मुलांच्या डोक्यांवर फिरत असेल तर नायट्याची साथ पसरायला वेळ लागत नाही. म्हणून शक्य असेल तेथे प्रत्येकाचे स्वतंत्र हेडगार्ड असावे, नसेल तर प्रत्येक वापरानंतर ते पुसून पंख्याखाली वाळवावे, आणि दबलेले हेडगार्ड सरळ टाकून द्यावे. मुलींनी अंबाडा न घालता केस सपाट वेणीत बांधावेत, नाहीतर हेडगार्ड मागून उचलले जाते.

डोक्याला मार लागल्यावर काय करायचे, हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, प्रकाश सहन न होणे, गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्या मुलाचा त्या दिवसाचा सराव संपला असे समजावे, मूल स्वतः ‘काही झाले नाही’ म्हणत असले तरीही. पुढचे एक-दोन दिवस विश्रांती, आणि स्पारिंगमध्ये परत येणे ते डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, टप्प्याटप्प्याने. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो क्वचित प्रसंगी जिवावर बेततो. वारंवार उलटी, वाढत जाणारी गुंगी, झटके किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे ही मेंदूत रक्तस्राव होत असल्याची लक्षणे असू शकतात, आणि तेव्हा प्रत्येक मिनिट मोलाचे असते. आपली अडचण अशी की सिंधुदुर्गातून गंभीर रुग्ण अनेकदा गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात न्यावा लागतो आणि रत्नागिरीतून आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला. मुंबई-पुण्यातील क्लबांपेक्षा आपण अधिक कडक असायला हवे ते यासाठीच.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयांनी पावसाळ्यानंतर शालेय स्पर्धांची तयारी सुरू होण्यापूर्वी क्लबांकडून हेडगार्डची संख्या आणि अवस्था लेखी मागवावी, तसेच डोक्याला मार लागल्याची नोंदवही ठेवणे बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे. पालकांनीही प्रवेश घेतानाच ही वही पाहायला मागावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, चिपळूण