गांधीलमाशीची कंबर

नोव्हाय, मिशिगन
२१ सप्टेंबर

प्रिय दत्त्या,

आई पुढच्या आठवड्यात वाईला परततेय. तिच्या मोठ्या बॅगेत तुझ्या नावाची एक काड्यापेटी आहे. ती उघडायच्या आधी हे पत्र वाच, कारण आत गांधीलमाशी आहे. घाबरू नकोस, मी केलेली आहे. मासे फसवायला, गळावर लोकर, दोरा आणि कोंबड्याचं पीस गुंडाळून.

त्या दिवशी फोनवर तू किती हसलास! "चाळिशी उलटली की लोक योगासनं करतात, तू माश्या करत बसलायस?" तेव्हा आई शेजारी होती म्हणून तोंड आवरलं. आता सविस्तर उत्तर देतो.

आधी जुना हिशेब. आमच्या वाड्याच्या माडीवर, आढ्याला पोळं होतं. पाचवीत होतो आपण. पोळ्यात काठी तू घातलीस, जिना उतरून पहिला पळालास तूच, आणि तीन डंख मला: कानामागे, मनगटावर, खालच्या ओठावर. आजीनं लोखंडी किल्ली घासली, वर चुना थापला, तरी ओठ भज्यासारखा फुगला. शाळेत तू सांगितलंस, "त्याला देवी आल्यात." तेव्हापासून खोलीत गांधील शिरली की मी खोली सोडतो. आता हाच माणूस रात्री अकरा वाजता दिव्याखाली गांधिली बांधत बसलेला असतो. हसायचंच असेल तर याला हस.

याची सुरुवात कंपनीतल्या एका निवृत्त गोऱ्या काकांमुळे झाली. ते मला ऑ सेबल नदीवर घेऊन गेले. इथून गाडीनं उत्तरेला तीन तास, ग्रेलिंग नावाचं गाव. ग्रेलिंग हे खरं तर माशाचं नाव. पूर्वी नदी त्या माशानं भरलेली असायची. मग जंगलं तोडून ओंडके नदीतून वाहून नेले, तळाची वाळू-खडी विस्कटली, लोकांनी पोत्यांनी मासे नेले, आणि १९३०च्या दशकापर्यंत मिशिगनमधून तो मासाच संपला. गावाच्या पाटीवर नाव तेवढं उरलं. आता तिथं ब्राउन ट्राउट असतो. तो मूळचा युरोपातला, इथं आला जर्मनीहून. १८८४ साली त्याची पिल्लं मिशिगनमध्येच बाल्डविन गावाजवळच्या नदीत सोडली होती. म्हणजे हाही आपल्यासारखा बाहेरून आलेला, आणि आता इथलाच होऊन नखरे करतोय.

ग्रेलिंगच्या खालच्या एका पट्ट्याला लोक 'होली वॉटर' म्हणतात. नियम असा की फक्त फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला असा खोटा कीटक, वापरायची आणि मासा परत सोडायचा. आपण कृष्णेला तीर्थ म्हणतो आणि निर्माल्यापासून साबणापर्यंत सगळं तिच्यात सोडतो. इथल्या तीर्थात गांडूळसुद्धा चालत नाही. आईला हा नियम सांगितला तर ती म्हणाली, "परतच सोडायचा तर धरायचा कशाला?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

तर, खोटे कीटक. काकांनी जुनी व्हाइस दिली, म्हणजे टेबलाला लावायचा छोटा शेगडा, त्यात गळ पकडायचा. मी सुरुवात डासापासून केली, कारण डास ओळखीचा. (मराठीत आपण डासही चावला म्हणतो, मधमाशीही चावली म्हणतो. एकाला दात नाहीत, दुसरीची नांगी मागच्या टोकाला! पण ओरडणाऱ्याला पुढचं-मागचं कुठं सुचतं.) डासाच्या पोटावर पट्टे लागतात, ते मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या मानेच्या केसांनी करतात. एक गडद केस, एक फिका, दोन्ही शेजारी ठेवून एकत्र गुंडाळायचे, की पट्टे आपोआप पडतात. अर्धा तास खपून केला, नदीवर नेला, एक मासाही लागला. काका म्हणाले, "त्यानं डास म्हणून नाही खाल्ला." डासाच्या अळीला साचलेलं पाणी लागतं, ट्राउटला थंड आणि वाहतं. दोघांची गाठ क्वचितच पडते. डासासारखीच दिसणारी पण न चावणारी चिलटं नदीत असतात, ती ट्राउट मनसोक्त खातो. त्या चिलटांच्या घोळक्यासाठी एक फ्लाय आहे, ग्रिफिथ्स नॅट. मोरपिसाचा तंतू गळावर गुंडाळायचा आणि वरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोंबड्याचं एक पीस फिरवायचं. झालं. दोन मिनिटांचं काम आणि माझ्या सगळ्या कलाकुसरीला भारी. जॉर्ज ग्रिफिथ या नदीकाठचेच. १९५९ साली त्यांच्याच घरी जमून लोकांनी 'ट्राउट अनलिमिटेड' ही नदी राखणारी संस्था काढली.

मे महिन्यात इथं काळी माशी असते. तिळाएवढी, पण कानाच्या पाळीतून रक्त काढते. चावते ती फक्त मादी, हे ऐकून आमच्या घरात दोन दिवस बोलणी बसली. तिची अळी मात्र मला आवडते. स्वच्छ, वेगवान पाण्यात दगडाला रेशमाचा ठिपका लावून त्यावर घट्ट बसते, मागून फुगीर, पुढून बारीक. मोठी झाली की पाण्याखालीच कोषातून बाहेर येते आणि हवेच्या बुडबुड्यात बसून वर जाते, कोरडीच्या कोरडी! जुलैत डोक्याभोवती घिरट्या घालणारी गोमाशी मात्र मी बांधत नाही. जी मला एवढा त्रास देते तिच्यावर माझं पीस मी खर्च करणार नाही.

आता गांधील. या धंद्यातली सगळ्यात जुनी सविस्तर नोंद कशाची आहे, सांग बघू? सुमारे १८०० वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसेडोनियातल्या अस्ट्रेयस नदीवरच्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय. तिथल्या ठिपकेदार माशांना पाण्यावरची एक माशी आवडायची. रंग गांधिलीचा, गुणगुण मधमाशीची. खरी माशी हातात धरली की तिचा रंग उडायचा, पंख कोमेजायचे, म्हणून ती गळाला लावता यायची नाही. मग त्या लोकांनी गळाला लाल लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधली. पुढं १४९६ साली इंग्लंडात मासेमारीवर एक पुस्तक छापलं गेलं. त्यात बारा फ्लाय सांगितल्यात, त्यातही गांधील आहेच: काळ्या लोकरीचं अंग, त्यावर पिवळा दोरा. आईच्या स्वेटरची काळी लोकर उरली होती, तीच मी घेतली. आई म्हणाली, "एवढ्या मेहनतीत एक मोजा झाला असता."

माझी पहिली गांधील इतकी देखणी झाली की फोटो सगळ्यांना पाठवला. तुलाही पाठवला होता, तू अंगठा दाखवलास. काळा-पिवळा-काळा-पिवळा, एकेक पट्टा मोजून. अख्ख्या उन्हाळ्यात तिला एक मासा लागला, तोही बोटाएवढा.

मग ऑगस्टमध्ये गॅरेजच्या खिडकीत दोन मेलेल्या गांधिली सापडल्या. इथल्या यलो जॅकेट, आपल्या तांबूस गांधिलीपेक्षा लहान आणि स्वभावानं तिखट. मेलेल्या आहेत याची चिमट्यानं तीनदा खात्री केली. काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, एक गांधील वर तरंगत सोडली, भांडं दोन स्टुलांच्या फटीवर ठेवलं आणि खाली फरशीवर उताणा झोपलो. तेवढ्यात आई आली. काही न बोलता दिवा लावून गेली, बिचारी.

दत्त्या, खालून पट्टे दिसतच नाहीत रे! उजेड वरून, आपण खालून, त्यामुळे सगळं काळपट. दिसतात दोन गोळे आणि मधे दोऱ्याएवढी कंबर. आणि पाय जिथं पाण्यावर टेकतात तिथं छोटे खळगे, त्यांतून उजेड वाकडा होऊन येतो. मासा बघतो ते एवढंच. पट्टे मी गिऱ्हाइकासाठी केले होते, आणि गिऱ्हाईकही मीच. चाळीस वर्षांत मी गांधिलीची कंबर पाहिली नव्हती, कारण पळताना कोण कंबर बघतो?

त्या रात्री नवी बांधली. बारा नंबरचा गळ (नंबर वाढला की गळ लहान, इथं सगळं उलटं). मागे लोकरीचा गोळा, पुढे लहान गोळा, मधे नुसता दोरा, आणि त्या कंबरेवर पिसाचे दोन वेढे, म्हणजे पाय. ऐकायला सोपं आहे. पण बोटांना रिकामी जागा सहन होत नाही. दर वेळी लोकर हळूच सरकून कंबर भरून यायची आणि गांधिलीचा भोपळा व्हायचा. सात भोपळे झाले. आठवी तुझ्या काड्यापेटीत आहे. मागच्या गोळ्यावर पिवळ्या दोऱ्याचे दोन वेढे मुद्दाम ठेवलेत. ते माशासाठी नाहीत, लांबून पाण्यावर ती मला दिसावी म्हणून आहेत.

या गांधिलीला मासे लागले. किती ते सांगत नाही, तू विश्वास ठेवणार नाहीस. पण एक दिवस पूर्ण फसलो तो सांगतो. सप्टेंबरचा पहिला शनिवार, आदल्या रात्री पाऊस, दुपारी आपल्याकडच्या जूनसारखा उकाडा. अचानक नदीवर पंख फुटलेल्या मुंग्यांचा सडा! आपल्या दिव्याखाली पहिल्या पावसात वाळवीचा पडतो ना, तसा. प्रत्येक खडकामागे मासा तोंड काढतोय आणि माझ्या गांधिलीकडे ढुंकून बघत नाहीये. त्यांना मुंगीच हवी होती, वीस नंबरची. डबीत दोनच मुंग्या होत्या. एक पहिल्याच माशानं दोर तोडून नेली, दुसरी झाडात अडकली. मी वैतागून पुन्हा गांधील लावली, दोर मागे फेकला, वारा आला आणि ती सरळ माझ्या उजव्या कानामागे घुसली. जुन्या डंखाचाच पत्ता! या वेळी काठीही माझी आणि डंखही माझा, तुला बोल लावायची सोय नाही. गळाचा उलटा काटा मी आधीच चिमट्यानं चेपलेला होता म्हणून लगेच निघाली. चुना नव्हता, काकांनी बर्फ लावला आणि पोटभर हसले.

एक गंमत राहिली. काकांच्या जुन्या पेटीत एक पीस होतं, टोकाला मेण ओतल्यासारखा चकचकीत पिवळट-पांढरा ठिपका असलेलं. सांगू कुणाचं? आपल्या राखाडी रानकोंबड्याचं! तोच, जो महाबळेश्वरच्या वाटेवर पहाटे ओरडतो आणि दिसत कधीच नाही. एके काळी ही पिसं इथं यायची. आता तिकडून आणायला बंदी आहे आणि बाहेर पाळलेल्या पक्ष्यांची वापरतात. हातात घेतलं आणि घाटातला वास आला म्हटलं तर खोटं होईल. नॅप्थलीनच्या गोळीचा वास आला.

तुला पाठवलेल्या गांधिलीचं टोक मी तोडलंय, तरी पोरांच्या हाती देऊ नकोस. आणि एक काम कर. तुझ्या मधमाश्यांच्या पेट्यांपुढं रोज दोन-चार मेलेल्या सातेरी माश्या पडलेल्या असतातच. एक उचल, काचेच्या वाटीत पाणी घालून त्यावर ठेव, आणि खालून फोटो काढून पाठव. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड घे. मोठी आग्या मधमाशी सापडली तर तीही चालेल, पण मेलेली आहे का ते आधी बघ. फरशीवर झोपलेला असताना वहिनी आल्या तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझा,
नंदू