कामेच्छेवरील संशोधन आणि लोकलमधील जाहिराती

महोदय,

मंदावलेल्या कामेच्छेवर मेंदूतील संप्रेरकांद्वारे उपचार करण्याच्या शक्यतेविषयीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. दादरला तीस वर्षे औषधांचे दुकान चालवताना या विषयावरची कुजबुज रोज ऐकली असल्यामुळे हे लिहीत आहे.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी किसपेप्टिन या संप्रेरकाच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये स्त्रियांबाबत आणि २०२३ मध्ये पुरुषांबाबत प्रसिद्ध केले. (त्याचे जनुक अमेरिकेत हर्शी गावी सापडले आणि तिथल्या प्रसिद्ध ‘किसेस’ चॉकलेटवरून हे नाव पडले, चुंबनावरून नव्हे, हे कळल्यावर काहींचा हिरमोड होईल.) प्रत्येक चाचणीत ३२ जण होते, त्यांना एकदा संप्रेरक आणि एकदा औषधाविना नुसते द्रावण शिरेतून देऊन मेंदूचे स्कॅन केले गेले आणि कामेच्छेशी निगडित भागांच्या कार्यात फरक आढळला. निष्कर्ष आशादायक आहेत, पण ३२ जणांवरील प्रयोग म्हणजे दुकानात मिळणारे औषध नव्हे, आणि आपल्या मथळ्यावरून मात्र तसाच समज होतो.

‘मनच होत नाही’ असे सांगून सिल्डेनाफिल (व्हायग्रातील औषध) मागणारे पुरुष मी कितीतरी पाहिले. ही गोळी रक्तप्रवाह वाढवते, इच्छा नव्हे. इच्छेसाठी मेंदूवर काम करणारे ब्रेमेलॅनोटाइड हे इंजेक्शन अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले, तेही केवळ रजोनिवृत्तीपूर्व स्त्रियांसाठी, आणि ते घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना मळमळीचा त्रास झाल्याचे चाचण्यांत दिसले. स्त्री ग्राहकांनी मात्र हा प्रश्न मला तीस वर्षांत एकदाही विचारला नाही. त्यांना तो नव्हता, असे मी मानत नाही.

वाढलेले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, थायरॉईडचा विकार, मधुमेह किंवा नैराश्यावरील काही गोळ्या यांमुळेही इच्छा मंदावते, आणि यांपैकी बहुतेकांचे निदान साध्या रक्ततपासणीने होते. तपासणीऐवजी माणसे लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या पत्रकांवरील क्रमांक टिपून घेतात. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही ज्या अंकात ही बातमी आली, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत तसा दावा करणारी एक चौकट होती. ती जागा महिन्यातून एकदा एखाद्या संप्रेरकतज्ज्ञाच्या प्रश्नोत्तरांना द्यावी आणि प्रश्न निनावी स्वीकारावेत, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधविक्रेता, दादर (पश्चिम), मुंबई