ट्रॅक्टरच्या जुन्या ब्रेकविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ब्रेकचे पेडल जवळजवळ तळापर्यंत जाते आणि डाव्या-उजव्या मागच्या चाकांची दोन्ही पेडल एकत्र दाबली की ट्रॅक्टर डावीकडे ओढतो, हे तुझ्या पत्रात वाचून काळजी वाटली. पेडलचा रॉड आणखी आवळावा का, असे तू विचारले आहेस. कृपा करून तो आवळू नकोस. लायनर (शूवरचे घासणारे अस्तर) झिजून शू (ब्रेकच्या कमानदार पट्ट्या) ड्रमपासून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल भांड्यापासून, लांब गेलेले असताना रॉड आखूड केला तर पेडल वर येते खरे, पण शूंना बाहेर ढकलणारा आतला कॅम मुळातच अर्धा फिरलेला राहतो, शू पूर्ण मागे येत नाहीत आणि ऐन वेळी जोर लावायला कॅमची फिरत उरत नाही.

ट्रॅक्टर डावीकडे ओढतो म्हणजे बहुधा उजवा ब्रेक पकडत नाही, म्हणून आधी तीच बाजू उघड. सपाट, टणक जमिनीवर पुढच्या चाकांना ठोकळे लाव आणि एक्सलखाली भक्कम स्टँड दे. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नकोस. ड्रम काढण्यापूर्वी अॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा भाग) सैल कर, कारण जुन्या ड्रमच्या कडेला झिजेमुळे ओठ तयार होतो आणि शू त्यात अडकतात. आतली धूळ हवेने मुळीच उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेतते. मास्क लावून धूळ ओल्या फडक्याने पूस आणि ते फडके पिशवीत बांधून टाक.

मग लायनर नीट पाहा. ते काळे, तुळतुळीत दिसले आणि शू ज्यावर बसवलेले असतात त्या मागच्या प्लेटच्या तळाशी धूळ-तेलाचा चिकट थर साचलेला असला, तर एक्सलचे ऑइल सील (तेल अडवणारे कडे) गळते आहे. असे लायनर पेट्रोलने धुऊन कोरडे दिसते, पण आत मुरलेले तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येते. आधी सील बदल, सील बसते तिथे एक्सलवर चर पडली आहे का तेही बोट फिरवून पाहा, आणि मगच लायनर बदल. तेही दोन्ही चाकांचे, एकाच प्रतीचे. एकाच बाजूला नवे लायनर घातले तर ओढ कायम राहील. लायनर शूला जोडणाऱ्या रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागापेक्षा खोल बसली पाहिजेत, नाहीतर ड्रमवर खोल ओरखडे पडतात. कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे.

सेटिंगचा क्रम मात्र चुकवू नकोस. हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रल आणि चाक उचललेले असताना अॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत फिरव. काही मॉडेलांत तो दातेरी चकतीचा असतो, काहींत मागच्या प्लेटवरचा चौकोनी डोक्याचा. पेडल एकदा दाबून शू मधोमध बसू दे, पुन्हा तपास, आणि चाक मोकळे फिरेल, फार तर पुसटशी घासण ऐकू येईल, इतकेच मागे घे. दुसरी बाजूही अशीच कर. रॉडला हात लावायचा तो त्यानंतर, दोन्ही पेडलची मोकळी चाल (ब्रेक धरण्याआधीची हालचाल) सारखी येण्यापुरता.

चाचणी मोकळ्या मैदानात, दोन्ही पेडल एकत्र बांधणाऱ्या खटक्याने जोडून, अगदी हळू वेगात घे. शेतात वळताना खटका सोडणे ठीक, पण रस्त्यावर पेडल जोडलेलीच हवीत; वेगात एकच चाक धरले तर ट्रॅक्टर उलटू शकतो. नवे लायनर थोड्या वापरानंतर ड्रमला बसतात, तेव्हा सेटिंग पुन्हा तपासावे लागेल.

उजवे लायनर तेलकट निघाले की कोरडे, ते लगेच कळव. कोरडे आणि जाड निघाले, तर डाव्या बाजूच्या, शू मागे ओढणाऱ्या परतीच्या स्प्रिंगा तपासाव्या लागतील आणि उजवा कॅम गंजून अडकला आहे का, हे पाहावे लागेल.

तुझा स्नेही